कडीची उंची

किलमोर, इन्व्हर्नेसजवळ, स्कॉटलंड
१२ ऑक्टोबर १९७४

प्रिय प्रेमिला,
सप्रेम जयभीम.

घर पुरं झालं. चौदा महिने लागले. गेल्या रविवारी आम्ही हॉस्पिटलचं क्वार्टर सोडून इथे राहायला आलो.

तू विचारलं होतंस म्हणून नीट लिहितो. इथे याला स्टेडिंग म्हणतात. शेतावरची जनावरांची इमारत. आपल्याकडचा कोठाच. १७९४ साली बांधलेला आहे. भिंती अडीच फूट जाड. दगड राखी रंगाचा, ओला झाला की काळा दिसतो. भिंतीत हवेसाठी उभ्या फटी होत्या, त्यांत मी काचा बसवल्या. गाई जिथे उभ्या राहत तिथे आता आमची बैठक आहे. जमिनीतली शेणमुताची नाली बुजवली नाही. ती बैठकीच्या मधून तशीच जाते. गव्हाण ठेवली. जनावरं बांधायच्या लोखंडी कड्याही ठेवल्या. कौन्सिलचा माणूस पाहून गेला आणि जुनं काही पाडलं नाही म्हणून त्यानं माझा हात हातात घेतला. हॉस्पिटलातले डॉक्टर रविवारी बायकांना घेऊन घर पाहायला येतात.

शामला म्हणते, धोंडबाला धोंड्याचं घर मिळालं. माझं ते नाव मायनं तिला लग्नात सांगितलं होतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विश्वनाथ केलं, हे त्यांचे उपकार.

दक्षिणेकडची खोली बाची. सगळ्यात उबदार. मे महिन्यात तो आला की त्याला अंगणापर्यंत ऊन मिळेल. लंडनला मी स्वतः घ्यायला जाईन, त्याची काळजी करू नका. माय असताना मला येता आलं नाही. इकडे येऊन आठ वर्षं झाली. निदान बानं हे घर पाहावं.

एक विचारायचं राहिलं. बाच्या निरोपात दर वेळी 'तुझा बंगला' असं असतं. मी तर चौदा महिने कोठाच लिहितो आहे.

तुझा भाऊ,
विश्वनाथ


इंदोरा, नागपूर
३ नोव्हेंबर १९७४

प्रिय भाऊ,
सप्रेम जयभीम.

बंगला मी केला.

तुझं पत्र आलं की बा खाटेवर ताठ बसतो आणि मी वाचते. पहिल्यांदा तो शब्द आला तेव्हा मी अडखळले, मग 'दगडी बंगला' असं वाचलं. त्यानंतर तेच चालू आहे. शेणमुताची नाली मी वाचत नाही. कड्या वाचत नाही.

तू लहान होतास म्हणून विसरला असशील. बा अकरा वर्षं चंपतराव पाटलाच्या कोठ्यात सालदार होता. दगडीच कोठा. तिथून आपण नागपूरला आलो त्याला तेहतीस वर्षं झाली. मी तर इथेच जन्मले. बा गावाकडे, कुहीच्या रस्त्याला परत लागला नाही. लग्नाला नाही, मयतीला नाही. मी विचारलं की म्हणतो, 'तिकडं काय हाय?' मायही काही बोलायची नाही. तिच्या समोर विषय निघाला की ती उठून पाणी भरायला जायची, भरलेलं असलं तरी.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला होता. मुलगा काय करतो, कुठे राहतो, असं त्यानं विचारलं. बा म्हणाला, 'डाक्टर हाय. बंगल्यात राह्यते.' पोलिसानं ते लिहून घेतलं. आता सरकारदरबारी तू बंगल्यात राहतोस.

पासपोर्ट आला. बानं तो दीक्षेच्या वेळच्या पांढऱ्या सदऱ्यात गुंडाळून ठेवला आहे. शेजारचे रुपराव रोज संध्याकाळी त्याला इंग्रजी शिकवतात. त्यांना स्वतःला अकरा शब्द येतात, त्यातले पाच गिरणीतल्या मशीनचे आहेत. काल बानं मला 'थँक यू' म्हटलं आणि स्वतःच हसला. मायच्या मागे मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

तेव्हा कृपा कर. तो शब्द लिहू नकोस. तो येईल, पाहील, मग तूच सांग.

तुझी,
प्रेमिला


किलमोर
२८ डिसेंबर १९७४

प्रिय बा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तुझ्या नावानं टाकतो आहे. प्रेमिला तुला माझं घर बंगला म्हणून वाचून दाखवते. तो बंगला नाही. दगडी कोठा आहे. इथल्या शेतकऱ्याची गुरं त्यात दीडशे वर्षं बांधली जात होती. मला त्याची लाज वाटत नाही, आणि तुझ्याशी खोटं बोलून तुला इथे आणायचं नाही.

सोबत फोटो आहे. मी उभा आहे ती तुझी खोली. मागे गव्हाण दिसते. तिच्या शेजारी भिंतीत कडी आहे, ती मुद्दाम ठेवली. तुझी खाट तिथेच येईल.

बा, तू दुसऱ्याच्या कोठ्यात राबलास. आज तसाच कोठा तुझ्या मुलाच्या मालकीचा आहे. तुला याचा अभिमान वाटावा असं मला वाटतं.

तिकीट मार्चमध्ये पाठवतो.

तुझा,
विश्वनाथ


इंदोरा, नागपूर
१९ जानेवारी १९७५

भाऊ,

तुझं पत्र बुधवारी दुपारी आलं. मी शाळेत शिकवत होते. बानं ते रुपरावांना वाचायला दिलं.

रुपरावांनी जसं होतं तसं वाचलं. मी घरी आले तेव्हा ते ओट्यावर उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की रामाजीचा पोरगा डॉक्टर होऊन गोऱ्याच्या कोठ्यात राहते. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना ते खरंच समजत नव्हतं. मला म्हणाले, 'काहून वं प्रेमिला, तिकडं डाक्टरले घर नाही देत का?'

बा आत बसला होता. त्यानं पत्र दोनदा वाचून घेतलं होतं म्हणे. दुसऱ्यांदा 'तुझी खाट तिथेच येईल' इथे त्यानं थांबवलं आणि रुपरावांना जायला सांगितलं. मी गेले तेव्हा फोटो त्याच्या हातात होता. दिवा लावला तरी त्यानं तो खाली ठेवला नाही. तू त्या फोटोत आहेस हे त्यानं पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

मग त्यानं पासपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला आणि तो जिथून आणला तिथे देऊन ये म्हणाला. मी कारण विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी भाकर खाल्ली, पण बोलला नाही. काल सकाळी मी शाळेत निघाले तेव्हा त्यानं हाक मारली. मला वाटलं, मन वळलं. तो म्हणाला, 'त्याले विचार, कडी जमिनीपासून किती वर हाय.'

एवढंच. मी दोनदा विचारलं, कशाला. त्यानं हातानंच मला शाळेकडे पिटाळलं.

मी तुला लिहू नकोस म्हटलं होतं. तू मोठा आहेस, शिकलेला आहेस, खरं बोलण्याचा तुला हक्क आहे. पण ते खरं ऐकायला घरात मी होते, तू नव्हतास.

प्रेमिला


किलमोर
२ फेब्रुवारी १९७५

प्रिय प्रेमिला,

तुझं पत्र वाचून मला राग आला. शामला दोन दिवस थांब म्हणाली, म्हणून थांबून लिहितो.

बाला काय झालं ते मला कळतं. वस्तीत बंगल्याचं नाव झालं होतं, ते गेलं. रुपरावांसमोर मान खाली गेली. हे तुझ्या खोट्यामुळे झालं, माझ्या खऱ्यामुळे नाही. ज्या माणसानं ५६ साली अख्ख्या वस्तीचे देव नदीत सोडले, तो शेजारी काय म्हणतील याला घाबरतो, हे मला पटत नाही. जागा वाईट नसते. तिच्यात कोण कुणाला राबवतो ते वाईट असतं. इथे आता कोणी कुणाला राबवत नाही. हे त्याला समजावून सांग.

कडीची उंची शामलानं मोजली. जमिनीपासून वीस इंच. वासरांसाठी असावी. गाईंच्या कड्या वर आहेत.

पासपोर्ट परत करू नकोस.

विश्वनाथ


इंदोरा, नागपूर
२३ फेब्रुवारी १९७५

(बा सांगतो आहे, मी लिहिते आहे. मध्ये माझा शब्द नाही. प्रेमिला)

धोंडबा,

तू म्हणतं, मी लोकाइले घाबरलो. लोकाइचं मले काही नाही.

तुहं नाव धोंडबा काहून ठेवलं हे तू कधी विचारलं नाही. एक लेकरू गेलं का पुढच्याचं नाव दगड-धोंडा ठेवतेत. दगडाले कोणी नेत नाही म्हणून. तू शिकलेला, तुले नाव आवडलं नाही. आम्हीबी सांगितलं नाही. तुह्या मायनं शपथ घातली होती. ती गेली. आता सांगतो.

तुह्या पहिले एक पोरगं होतं. सुकदेव. दोन वर्साचा होता. चालत होता, धावतबी होता. तुही माय पाटलाकडं मजुरीले जाये तवा त्याले संग आणे. एक दिवस तो चालत चालत पाटलाच्या ओट्यावर चढला आन् पाण्याच्या गुंडाले हात लावला. पाटलीणबाईनं सारं पाणी फेकलं. आरडली नाही. मले बोलावलं आन् म्हणे, 'पोरगं बांधून ठेवत जा रामाजी. आमाले रोज रोज भांडे घासणं होत नाही.'

मंग आम्ही त्याले कोठ्यात बांधत होतो. गव्हाणीजोळ वासराची कडी होती, तिले. लुगड्याच्या चिंधीनं, पायाले. चिंधी लांब ठेवो, त्याले खेळता यावं म्हणून. रडे पहिले. मंग रडत नव्हता.

रोवण्याचे दिवस होते. तुही माय धानाच्या बांधीत चिखलात होती. मी दुपारी बैल आणून बांधले. एक नवा बैल होता, आठ दिवसाचा आणलेला. सुकदेव कुटाराच्या ढिगात झोपला होता. मले वाटलं झोपू द्या. मी नांगराचा फाळ घेऊन लोहाराकडं गेलो.

वापस आलो तवा बैल बिथरला होता. काहून बिथरला, मले माहीत नाही. पोरगं पयालं असन. पन चिंधीच्या पुढं कुठी पयते. गाठ मी मारली होती. पक्की मारली होती.

मी आरडलो तसा पाटील आला. त्यानं पहिले बैलाचा पाय उचलून पायला, काही लागलं का म्हणून. मंग म्हणे, 'काहून गा रामाजी, इथं बांधतेत का लेकरू?'

मी काही बोललो नाही. पाटलीणबाई दारात उभी होती. तेबी बोलली नाही.

त्याले पुरून आलो. संध्याकाळी चारा टाकाले मीच गेलो. साल संपलं नव्हतं. त्या बैलाले त्याच्यानंतर सहा वर्सं मीच चारा टाकला. चांगला बैल होता. पुन्हा कधी बिथरला नाही.

तू म्हणतं जागा वाईट नसते. नसन. तू डाक्टर हायेस. पन वीस इंच म्हणजे केवढी उंची, हे मले मोजून पाहा लागत नाही. माह्या गुडघ्याच्या बरोबर हाय.

मी येत नाही.

रामाजी


इंदोरा, नागपूर
६ एप्रिल १९७५

प्रिय भाऊ,

सहा आठवडे झाले. तुझं पत्र नाही.

त्या दिवशी लिहून झाल्यावर बानं विचारलं, सारं लिहिलं का? मी हो म्हटलं. मग त्यानं कागद माझ्याकडून घेतला आणि सुकदेवचं नाव कुठे आहे ते बोटानं दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्यानं ते बराच वेळ पाहिलं. त्याला वाचता येत नाही. ते नाव त्यानं कधी लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

मी तेहतीस वर्षांची आहे. वर्गात मुलांना विचारते, तुम्ही भावंडं किती. मला कोणी विचारलं तर मी दोन म्हणत होते. आता तोंड उघडते आणि आकडा येत नाही.

पोस्टमन आला की बा दाराकडे पाहतो. काही तरी लिही. काहीही.

प्रेमिला


किलमोर
१४ एप्रिल १९७५

प्रिय बा,

मला लिहिता येत नव्हतं. रोज बसत होतो.

तुझं पत्र मी हॉस्पिटलात वाचलं. त्या दिवशी बाहेर लहान मुलं तपासायला आणली होती. मी तपासली नाहीत. घरी आलो आणि कडी काढायला घेतली. ती शिसं ओतून दगडात बसवली आहे. निघाली नाही. भोवतीचा दगड फुटला, माझा हात फुटला, कडी तशीच आहे. शामलानं हातोडा काढून घेतला.

मी घर विकतो. कौन्सिलला कळवलं आहे. तू येऊ नकोस, मी येतो. तुझ्यासमोर बसायला मला तोंड नाही, तरी येतो.

विश्वनाथ


इंदोरा, नागपूर
२७ एप्रिल १९७५

(बा सांगतो आहे.)

धोंडबा,

विकू नको. तू विकशीन, दुसरा घेईन, त्याले माहीतबी नसन. तू येऊबी नको. मी येतो. मले ते पाहाचं हाय.

पासपोर्ट प्रेमिलानं वापस केला नव्हता. डाळीच्या डब्यात ठेवला होता. मास्तरीण झाली तरी खोटं बोलते.

एक सांगून ठेवतो. मी आत झोपणार नाही. खाट बाहेर टाकजो.

रामाजी


किलमोर
८ जून १९७५

प्रिय प्रेमिला,
सप्रेम जयभीम.

बा आला त्याला आज बारा दिवस झाले.

लंडनला तो सगळ्यांच्या शेवटी बाहेर आला. सामान तपासणाऱ्या माणसाला त्यानं 'थँक यू' म्हटलं. मग तो माझ्याकडे आला. माझ्या हातावरचा व्रण पाहिला.

घरासमोर मोटार थांबली तेव्हा त्यानं चप्पल काढली नाही आणि उंबऱ्याकडेही गेला नाही. घराला वळसा घालून सगळीकडून पाहून आला. अंगणाच्या कडेला गाड्या ठेवायची जागा आहे, तीन बाजूंनी भिंत, समोरून मोकळी. ती त्यानं निवडली. मी खाट तिथे टाकली. दोन गाद्या, तीन रजया, माझा ओव्हरकोट, रबराची गरम पाण्याची पिशवी. तो तिथेच झोपतो. इथे या दिवसांत दहा वाजेपर्यंत उजेड असतो. तो तक्रार करतो की या देशात सूर्यालाही सुट्टी नाही.

शामला त्याचं ताट तिथे नेते. ओटच्या पिठाची भाकर तिनं केली. त्यानं खाल्ली आणि विचारलं, हे काय आहे. इथे घोड्यांना घालतात आणि माणसंही खातात, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, 'मंग पहिले कोण जेवते?' ती हसली. मी घरात होतो. घरात असताना मला त्याचा आवाज ऐकू येतो, आणि मी बाहेर गेलो की तो गप्प होतो, असे दहा दिवस गेले.

मी त्याला आत ये म्हटलं नाही. एकदाही नाही. तेवढं मला कळलं होतं.

परवा दुपारी मी हॉस्पिटलातून लवकर आलो. खाट रिकामी होती. शामला अंगणात उभी होती. तिनं बोलू नकोस अशी खूण केली आणि दाराकडे दाखवलं. दाराशी चपला होत्या.

तो दक्षिणेच्या खोलीत होता. जमिनीवर बसला होता, भिंतीला टेकून नाही, भिंतीकडे तोंड करून. कडीखालच्या दगडावर हात फिरवत होता. डॉक्टर जसा पोट तपासतो तसा, बोटांनी, सावकाश. त्या दगडावर एक गुळगुळीत खळगा आहे. तो मी पाहिला होता. दोरीनं घासून झाला असावा असं मी पाहुण्यांना सांगत असे.

मी त्याच्याजवळ खाली बसलो. त्यानं मान वळवली नाही.  मग त्यानं विचारलं, 'इथं कोणाचं लेकरू बांधत होते?'

मी म्हटलं, 'कोणाचं नाही बा. इथे फक्त वासरं बांधत. या लोकांत तसं नव्हतं.'

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तू वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहत असशील तसं.

'तुले कोणी सांगितलं?'

प्रेमिला, मला कोणी सांगितलं नव्हतं. घराचे कागद माझ्याकडे आहेत, १७९४ पासूनचे. त्यांत सहा मालकांची नावं आहेत. ती मला पाठ आहेत, पाहुण्यांना मी ती क्रमानं सांगतो. इथे चारा कोण टाकत होतं, त्यांच्या बायका कुठे कामाला जात आणि जाताना मूल कुठे ठेवत, ते कागदांत नाही. मी चौदा महिने या भिंतींचा एक एक दगड धुतला आणि ते मला विचारावंसं वाटलं नाही. मला. रामाजी सालदाराच्या मुलाला.

मी माहीत नाही म्हटलं.

बानं मान हलवली आणि थोडा सरकला, मला भिंतीजवळ जागा होईल एवढा.

विश्वनाथ